फिशटँकसाठी फोडलेल्या भिंतीतील भेग बुजवूनही पुन्हा का येते?

लोडबेअरिंग, म्हणजे स्लॅबचा भार पेलणाऱ्या, भिंतीत फिशटँकसाठी ओपनिंग काढले, वर लिंटल (ओपनिंगवरची आडवी तुळई) टाकला, गिलावा झाला, रंगही झाला आणि सात-आठ महिन्यांनी ओपनिंगच्या वरच्या कोपऱ्यातून एक बारीक भेग निघून तिरपी वर चढू लागली, ही तक्रार लातूर, धाराशिव आणि बीड या भागांत काम करताना मी इतक्या वेळा ऐकली आहे की हल्ली अशा घरात शिरलो की नजर माशांकडे जाण्याआधी टाकीच्या वरच्या दोन कोपऱ्यांकडे जाते. भेग पुट्टीने बुजवली जाते, त्यावर रंगाचा हात फिरतो, दिवाळी पार पडते आणि होळीच्या सुमारास ती त्याच जागी, त्याच वळणाने पुन्हा उमटते. मग घरमालक पुट्टीला दोष देतो, रंगारी गवंड्याला दोष देतो आणि गवंडी म्हणतो, "साहेब, गिलाव्याची भेग हाय ती, काही होत नसतंय. वरी स्लॅब धरून बसलाय की."

लातुरात एका सेवानिवृत्त गुरुजींच्या घरी अशी भेग दोन वेळा बुजवली गेली होती आणि त्यांतली दुसरी वेळ माझ्या सल्ल्याने होती, हे आधीच सांगितलेले बरे. घर एकमजली, भिंती नऊ इंची विटांच्या, स्लॅब पाच इंची. बैठकीची खोली आणि जेवणाची खोली यांच्यामधल्या भिंतीत चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकी बसवलेली होती. मी भेग इंग्रजी व्ही अक्षरासारखी खोदून घेतली, पॉलिमर मिसळलेला माल भरायला लावला, वर चिकन मेश (तारेची बारीक जाळी) मारून गिलावा करून घेतला आणि काम झाले असे समजलो. ते काम एक पावसाळा टिकले. तिसऱ्या खेपेला मात्र मी भेग बुजवण्याऐवजी गिलाव्याचा दीड फूट रुंदीचा पट्टा सोलून काढला. आत जे दिसले ते असे होते: तयार लिंटल आणून बसवला होता, त्याचे डावे टोक भिंतीवर जेमतेम तीन इंच टेकले होते, तेही अख्ख्या विटेवर नव्हे तर एका अद्ध्यावर, म्हणजे अर्ध्या विटेवर, आणि तो अद्धा मधोमध उभा चिरला होता. लिंटलचा वरचा भाग आणि त्यावरच्या विटांचा थर यांच्यामध्ये एवढी फट होती की आगपेटीची काडी आडवी सरकवली तर ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुठेही न अडकता गेली. म्हणजे लिंटल होता, पण त्यावर वजन आलेलेच नव्हते. वरच्या विटा आपापल्या मालाच्या चिकाट्यावर कशाबशा तरंगत होत्या आणि दर महिन्याला केसभर खाली उतरत होत्या. विटा उतरतील तशी भेग रुंदावणार, हे उघडच आहे.

घरमालकाची काळजी बहुतेक वेळा टाकीच्या वजनाबद्दल असते. "एवढे पाणी भिंत पेलेल का?" हा प्रश्न हमखास येतो. त्यासाठी थोडा हिशेब मांडतो. वर सांगितलेल्या मापाच्या टाकीत काठोकाठ सव्वातीनशे लिटरच्या आसपास पाणी बसते. काच दहा-बारा मिलिमीटरची धरली तर तिचे वजन ६५ ते ७५ किलो होते. वाळू, दगड, झाकण, फिल्टर धरून सगळे मिळून ४५० किलोंच्या आसपास जाते. आता भिंतीचा हिशेब पाहावा. दोन्ही बाजूंच्या खोल्या अकरा-अकरा फुटांच्या असतील आणि स्लॅब या भिंतीवर टेकत असेल, तर दोन्हीकडचा अर्धा-अर्धा, म्हणजे साधारण ३.३ मीटर रुंदीचा स्लॅब ही भिंत धरते. पाच इंची स्लॅबचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ३१० किलो, त्यावरचा विटांच्या तुकड्यांचा कोबा २०० किलो आणि गच्चीवर माणसांची वर्दळ, वाळवणे, पाहुण्यांची झोप यांसाठी १५० किलो धरले, की दर चौरस मीटरला साडेसहाशे किलोंच्या वर भार होतो. चार फुटी टाकीसाठी काढलेल्या पाच फुटी ओपनिंगवर त्यातला जवळपास ३.३ टन येतो, आणि लिंटलपासून स्लॅबपर्यंतच्या तीन फूट विटांचे आणखी ६०० किलो त्यात मिळवावे लागतात. एकूण ३.९ टन. टाकीच्या जवळजवळ नऊ पट. शिवाय ओपनिंगसाठी काढलेल्या विटांचेच वजन टाकीपेक्षा जास्त भरते, त्यामुळे ओपनिंगच्या खालच्या भिंतीवरचा भार टाकी ठेवूनही आधीपेक्षा कमीच असतो. टाकी भिंतीला जड होत नाही. त्या पाच फुटांतल्या विटा जे काम वर्षानुवर्षे निमूटपणे करत होत्या, ते काम आता कुणी करायचे हे ठरवलेले नसते, आणि भेग म्हणजे त्या न ठरलेल्या कामाची खूण असते.

हा ३.९ टनांचा भार लिंटलच्या दोन टोकांवर निम्मा-निम्मा उतरतो. टोक तीन इंच टेकले असेल तर नऊ इंची भिंतीत टेकणीची जागा फक्त १७० चौरस सेंटीमीटर मिळते आणि दर चौरस सेंटीमीटरला अकरा किलोंवर दाब येतो. साध्या भाजलेल्या विटेच्या, एकास सहा सिमेंट-वाळूच्या मालाच्या बांधकामावर पाच किलोंच्या आसपास दाब धरावा, असे आम्ही मानतो. तेच टोक नऊ इंच टेकवले तर दाब साडेतीन-चार किलोंवर येतो. तीन इंचांची टेकणी का पुरत नाही, याचे उत्तर एवढ्या गणितात आले. लिंटलची टेकणी दोन्हीकडे किमान सहा इंच असावीच लागते. फिशटँकच्या ओपनिंगला मी नऊ इंचांखाली जात नाही, कारण पुढे कधीतरी कुणीतरी टाकी मोठी करणारच आहे.

भेग बुजवण्यापूर्वी ती वाचता आली पाहिजे. वरच्या कोपऱ्यातून पायऱ्या-पायऱ्यांनी विटांच्या सांध्यांतून तिरपी चढणारी भेग ही टेकणी दबल्याची किंवा टेकणी अपुरी असल्याची खूण असते. लिंटलच्या वर, अगदी त्याला समांतर अशी आडवी भेग असेल तर लिंटल आणि वरच्या विटा यांच्यामधली फट भरलेली नाही, असे समजावे. लिंटलच्या मधोमध, खाली रुंद आणि वर जाता-जाता नाहीशी होणारी उभी भेग असेल तर लिंटल स्वतःच वाकतो आहे, म्हणजे त्यातली सळई कमी पडली आहे किंवा चुकीच्या जागी आहे. या शेवटच्या प्रकारात एक नेहमीची गोष्ट आढळते. टाकी बसवल्यावर लक्षात येते की वरून हात आत जात नाही, मग झाकण आणि लाइट मावावेत म्हणून कुणीतरी लिंटलच्या पोटातले काँक्रीट इंच-दीड इंच छन्नीने उडवते. लिंटलची मुख्य सळई तिथेच असते. ती उघडी पडते, तिच्याभोवतीची पकड जाते आणि टाकीतून उठणारी वाफ बारा महिने तिच्यावर जमत राहिल्यामुळे ती गंजू लागते. टाकीच्या काठापासून लिंटलच्या तळापर्यंत एक फूट मोकळी जागा पहिल्या दिवसापासून धरली तर हा प्रसंग ओढवत नाही. दोन फूट उंच टाकीला तीन फूट उंचीचे ओपनिंग लागते, ही साधी गोष्ट नकाशावर कुणी लिहीत नाही.

उभी भेग कधीकधी ओपनिंगच्या खालच्या भिंतीत, मधोमध दिसते. ओपनिंगच्या दोन्ही बाजूंना उरलेल्या भिंतीच्या खांबांवर भार वाढतो आणि मधली भिंत हलकी होते, त्यामुळे ती तिथे ताणली जाते. ही भेग बारीक असेल आणि वाढत नसेल तर तिला घाबरण्याचे कारण नाही. मात्र लिंटलच्या टोकाखाली, बाजूच्या खांबातच उभी भेग पडली असेल तर ती सगळ्यांत वाईट समजावी, टाकी त्याच दिवशी रिकामी करावी आणि स्लॅबला टेकू द्यावेत.

आपल्याकडे या सगळ्यात काळी माती आणखी एक गोंधळ घालते. मराठवाड्यात पुष्कळ घरांचे पाये काळ्या मातीत आहेत आणि ही माती पाणी लागले की फुगते, सुकली की आकसते. एप्रिल-मे महिन्यांत शेतात जशा हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तशीच ती घराच्या कडेनेही आकसते आणि भिंतींना तडे जातात. पाऊस लागला की त्यातले बरेच तडे मिटतात. ओपनिंग हा भिंतीतला सगळ्यांत अशक्त भाग असल्यामुळे मातीमुळे पडणारा तडाही नेमका तिथूनच जातो आणि लिंटलचा दोष व पायाचा दोष एकाच भेगेत मिसळतात. माझी चूक इथेच झाली होती. गुरुजींनी मला भेग मे महिन्यात दाखवली, मी ती काळ्या मातीच्या खात्यावर लिहिली आणि लिंटलकडे पाहिलेच नाही.

दोन्ही वेगळे कसे ओळखावेत, याचा उपाय स्वस्त आहे. तीन-चार इंच लांब आणि बोटभर रुंद काचेची पातळ पट्टी घ्यावी. ज्या दुकानात टाकी बनवली तिथे असे उरलेले तुकडे पडलेलेच असतात. भेगेच्या दोन्ही बाजूंचा रंग आणि पुट्टी खरवडून विटेपर्यंत जावे, पट्टी भेगेवर आडवी ठेवून तिची दोन्ही टोके एपॉक्सीने चिकटवावीत आणि शेजारी पेन्सिलने तारीख लिहावी. त्याच वेळी भेगेच्या वरच्या टोकाशीही एक आडवी रेघ मारून तारीख टाकावी. भिंत हलली तर काच तडकते, कारण काचेला ताण सहन होत नाही. काच उन्हाळ्यात तडकली, नवीन लावलेली पावसाळ्यात शाबूत राहिली आणि भेग रुंदीला कमी झाली, तर दोष पायाकडे आहे. काच कोणत्याही ऋतूत तडकते, भेग कधीच मिटत नाही आणि पेन्सिलची रेघ ओलांडून टोक वर जाते, तर दोष लिंटलकडे आहे. अगदी स्लॅबखाली आडवी धावणारी भेग मात्र या दोन्हींत धरू नये. ती बहुधा उन्हाने तापून लांबणाऱ्या स्लॅबची असते आणि ओपनिंग नसलेल्या भिंतींवरही दिसते.

गुरुजींच्या घरी आणखी एक गोष्ट उशिरा लक्षात आली. दर रविवारी टाकीतले पाव हिस्सा पाणी, म्हणजे ऐंशी लिटर, ते पाइपने मागच्या दारी सोडत. ते पाणी जास्वंदीच्या बुंध्याशी, म्हणजे बरोबर त्याच भिंतीच्या टोकाशी, जोत्याला लागून मुरत होते. झाडांना ते पाणी मानवते, यात शंका नाही, आणि टँकरच्या दिवसांत पाणी वाया घालवू नये हेही खरे. पण बाकीचे जोते कोरडे आणि एकच कोपरा बारा महिने ओला, हे काळ्या मातीतल्या पायाला मुळीच मानवत नाही. झाड तिथेच राहिले, पाइप मात्र दहा फूट लांब गेला.

भेगेच्या जोडीने येणारी दुसरी तक्रार म्हणजे टाकीचे तळकाच तडकणे किंवा सिलिकॉनचा सांधा सुटून पाणी झिरपणे. टाकी बदलली तरी वर्षभरात पुन्हा तेच. याचे कारण बहुतेक वेळा टाकी कशावर टेकली आहे यात सापडते. भिंत नऊ इंच आणि टाकी अठरा इंच रुंद, म्हणजे दोन्हीकडे साडेचार-साडेचार इंच टाकी भिंतीबाहेर येते, किंवा एका बाजूला सपाट ठेवायची हौस असेल तर दुसऱ्या बाजूला पूर्ण नऊ इंच. मग बाहेर आलेल्या भागाखाली लोखंडी स्टँडचे पाय दिले जातात. टाकीचा अर्धा भाग भिंतीवर आणि अर्धा भाग फरशीवर उभ्या पायांवर, अशी ही सोय दिसायला भक्कम असते. परंतु भिंतीखाली पाया आहे, फरशीखाली भराव आहे. मुरमाच्या ऐवजी खोदाईतलीच काळी माती भरली असेल तर फरशी वर्षभरात दोन-तीन मिलिमीटर खाली बसणे किंवा पावसाळ्यात तेवढीच वर उचलली जाणे मुळीच अवघड नाही. काचेला एवढा पीळ पुरेसा होतो. एका टाकीच्या स्टँडखाली मी स्वतः पोस्टकार्ड सरकवून पाहिले आहे, चारपैकी दोन पाय चक्क अधांतरी होते.

म्हणून टाकी एक तर पूर्ण भिंतीवर असावी किंवा पूर्ण स्वतःच्या स्टँडवर. भिंतीवर ठेवायची असेल तर भिंतीच्या माथ्यावर दोन इंच जाडीचा सळईसह काँक्रीटचा थर द्यावा, त्यावर चौकोनी लोखंडी पाइपची चौकट दोन्हीकडे सारखी बाहेर काढून बोल्टने बसवावी, वर १८ मिलिमीटरचे मरीन प्लायवूड आणि त्यावर थर्माकोल किंवा रबरी फोमचा थर घालावा. स्टँडवर ठेवायची असेल तर खालची भिंत स्टँडच्या पातळीपेक्षा इंचभर खाली ठेवावी, म्हणजे स्टँड बसला तरी टाकी भिंतीवर टेकणार नाही. दोन्ही प्रकारांत टाकीची काच भिंतीत मालाने घट्ट बसवू नये. टाकीच्या बाजूंना किमान एक इंच मोकळी जागा राहावी, ती फोमच्या पट्टीने भरावी आणि वर लाकडी किंवा पीव्हीसीची पट्टी लावून झाकावी. गिलावा थेट काचेपर्यंत आणून कडा सफाईदार करणारा गवंडी हौसेने काम करतो, पण भिंतीची प्रत्येक हालचाल तो काचेच्या स्वाधीन करतो. हेच घर वरच्या मजल्यावर असेल तर प्रश्न वेगळाच होतो. राहत्या खोलीचा स्लॅब दर चौरस मीटरला २०० किलो वावराच्या हिशेबाने केलेला असतो आणि टाकीखालच्या अर्ध्या चौरस मीटरवर साडेचारशे किलो येतात. तिथे टाकी भिंतीवर किंवा बीमवरच हवी.

आता दुरुस्ती. पहिले काम टाकी रिकामी करण्याचे. मासे झाकणाच्या ड्रममध्ये जुन्याच पाण्यात ठेवावेत आणि हवेचा पंप बॅटरीवर चालेल अशी सोय करावी, कारण काम दोन आठवडे चालते आणि वीज जाणार हे गृहीतच धरावे. त्यानंतर भिंतीच्या दोन्ही बाजूंनी, भिंतीपासून दोन-अडीच फुटांवर, स्लॅबखाली आडवी लाकडी किंवा लोखंडी तुळई धरून तिला दर तीन फुटांवर जॅक लावावेत. जॅकखाली दोन इंची फळी हवी, नाहीतर तो फरशी फोडून भरावात शिरतो. जॅक हाताने घट्ट होईल एवढाच फिरवावा. स्लॅब उचलण्याचा मोह गवंड्यांना फार होतो आणि त्याच मोहापायी चांगल्या स्लॅबला वरून भेग पडते. टेकू फक्त एका बाजूला देऊन काम करणारेही मी पाहिले आहेत. भिंत दोन्ही खोल्यांचा स्लॅब धरते, हे ते विसरलेले असतात.

जुना लिंटल काढायचा असेल तर त्यावरच्या विटाही धराव्या लागतात. त्यासाठी लिंटलच्या वर एक थर सोडून भिंतीला आरपार दोन भोके पाडावीत, त्यांतून चार इंची लोखंडी तुळईचे तुकडे घालावेत आणि त्यांची दोन्ही टोके जॅकवर घ्यावीत. विटा आणि तुळई यांच्यामधली जागा पाचर मारून घट्ट करावी. मगच लिंटल काढावा. भोके पाडायला आणि कडा कापायला डायमंड ब्लेडचा ग्राइंडर वापरावा. ब्रेकरने हादरे बसतात, आणि तीस वर्षे टिकलेल्या विटांच्या सांध्यांतला माल त्या हादऱ्यांनी एका दुपारीत मोकळा होतो.

नव्या लिंटलसाठी पाच फुटी ओपनिंगला मी १५० मिलिमीटरच्या दोन लोखंडी चॅनेल (इंग्रजी सी अक्षराच्या आकाराच्या तुळया) वापरतो. वरच्या ३.९ टनांखाली त्या मध्यभागी जेमतेम एक मिलिमीटर वाकतात, म्हणून खाली काचेपर्यंत ते वाकणे पोहोचण्याची भीती राहत नाही. चॅनेलना आधी रेड ऑक्साइड आणि त्यावर एपॉक्सी रंगाचे दोन हात द्यावेत. टोकांखालच्या विटा काढून तिथे नऊ इंच लांब आणि सहा इंच जाडीचा काँक्रीटचा ठोकळा ओतावा, तो आठवडाभर पाण्याने मुरवावा आणि मगच चॅनेल ठेवाव्यात. ज्यांचे ओपनिंग अजून काढायचे आहे त्यांना काम सोपे आहे: भिंतीच्या एका बाजूने अर्ध्या जाडीची आडवी खाच काढून पहिली चॅनेल बसवावी, माल पक्का झाल्यावर दुसऱ्या बाजूने दुसरी, दोन्ही बोल्टने जोडाव्यात, मधली पोकळी काँक्रीटने भरावी, आणि खालच्या विटा सगळ्यात शेवटी काढाव्यात. आधी भगदाड आणि मग लिंटल हा क्रम असेल तर तो उलटा आहे.

या साऱ्या कामात ज्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते ते म्हणजे चॅनेल आणि वरच्या विटा यांच्यामधली फट भरणे. पुढची भेग येते ती इथूनच. ओला, पातळ माल खालून फेकून ही फट भरत नाही. तो सुकताना आकसतो आणि काडी पुन्हा आरपार जाते. त्यासाठी एकास दोन सिमेंट-वाळू घेऊन पाणी इतके कमी घालावे की मूठ दाबली तर गोळा होईल पण हाताला पाणी सुटणार नाही. हा कोरडसर माल थोडा-थोडा आत सारून सळईच्या बोथट टोकाने ठोकून-ठोकून भरावा, इतका की शेवटी सळई उडू लागावी. न आकसणारा तयार ग्राउट (फटी भरण्याचा माल) मिळत असेल तर तोही चालतो. हे काम मी गवंड्यावर सोडत नाही, बाजूला स्टूल टाकून बसतो. गुरुजींनी त्या दिवशी मला तीन वेळा चहा दिला, तेवढा वेळ नऊ इंची भिंतीतल्या पाच फुटांना लागला.

माल आठवडाभर, पीपीसी (राख मिसळलेले) सिमेंट असेल तर दहा दिवस, ओला ठेवावा. लिंटल काँक्रीटमध्ये जागेवरच ओतला असेल तर त्याखालचे टेकू चौदा दिवस हलवू नयेत. आधी आरपार घातलेल्या तुळया काढून ती भोके त्याच कोरडसर मालाने भरावीत. त्यानंतर स्लॅबखालचे जॅक मधल्यापासून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे, प्रत्येक वेळी एक-एक फेरा सैल करत जावेत. एकदम एक जॅक काढला तर सगळा भार शेजारच्या जॅकवर उडी घेतो. भेग मात्र इथेही लगेच बुजवू नये. काचेची नवी पट्टी लावून पंधरा दिवस थांबावे आणि नंतरच विटांच्या सांध्यांतला मोकळा माल खरवडून दर्जा, म्हणजे ते सांधे, नव्या मालाने भराव्यात.

काही भिंतींना मात्र हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत मातीत बांधलेल्या दगडी भिंती कशा उघडल्या हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. दोन-अडीच फूट जाडीच्या त्या भिंतींना दोन तोंडे, म्हणजे आतला आणि बाहेरचा असे दगडांचे दोन थर, असतात आणि मध्ये भर असते. दोन्ही तोंडे बांधणारे आरपार दगड कमी असतील तर एक तोंड मोकळे करताच भर सरकते. माळवदाच्या घरातला जुना कोनाडा पाहून "इथे आधीच जागा आहे, थोडी मोठी करू" असे मनात येते. कोनाडा बांधताना ठेवलेला असतो, फोडून काढलेला नसतो, आणि तोही एकाच तोंडात असतो. भूकंपानंतर बांधलेल्या घरांत दारांच्या वर सलग फिरणारा काँक्रीटचा पट्टा असतो. तो भिंतींना एकत्र बांधून ठेवतो, म्हणून टाकीच्या झाकणासाठी तो कापणे म्हणजे घराचा कमरपट्टा तोडणे होय. भिंतींच्या कोपऱ्यापासून दोन फुटांच्या आत आणि शेजारच्या दार-खिडकीपासून दोन फुटांच्या आत ओपनिंग घेऊ नये. बीमचे टोक जिथे भिंतीवर टेकते त्याच्या खाली तर नाहीच नाही.

भिंत लोडबेअरिंग आहे की नाही, हे नुसत्या जाडीवरून ठरवण्याची सवयही सोडावी. चार कोपऱ्यांत कॉलम दिसतात म्हणून घर फ्रेमचे, म्हणजे कॉलम-बीमच्या सांगाड्यावर उभे, समजले जाते, पण कॉलमना जोडणारे बीमच नसतात आणि स्लॅब सरळ भिंतींवर टेकलेला असतो, अशी घरे तालुक्याच्या गावांत वाटेल तितकी आहेत. गच्चीच्या कडेला किंवा स्लॅबखालच्या कोपऱ्यात गिलावा थोडा काढून बीम आहे का हे पाहिल्याशिवाय आणि स्थापत्य अभियंत्याने लेखी दिल्याशिवाय ग्राइंडर चालू करू नये. चार इंची मधली भिंत स्लॅबखाली पाचर मारून घट्ट बसवलेली असेल तर तीही कालांतराने भार घेऊ लागते, हे येथे नोंदवून ठेवतो.

टाकी परत भरताना घाई करू नये. पहिल्या दिवशी एकतृतीयांश पाणी भरून पातळी-नळीने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) चारही कोपरे तपासावेत, दुसऱ्या दिवशी दोनतृतीयांशापर्यंत जावे आणि तिसऱ्या दिवशी पूर्ण भरावे. टाकीजवळचा वीजजोड वेगळा, अर्थिंगसह आणि ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर (वीजगळती होताच प्रवाह तोडणाऱ्या स्विचवर) घ्यावा. टाकी भरल्यावर काचेच्या पट्टीवरची तारीख पुन्हा एकदा वाचावी आणि रंगाऱ्याला ती पट्टी काढू देऊ नये. भिंतीने एक पूर्ण उन्हाळा आणि एक पूर्ण पावसाळा पाहिलेला असायला हवा. गुरुजींच्या भिंतीवरच्या पट्टीभोवती रंगाऱ्याने चौकोन सोडला होता, आणि दुसऱ्या वर्षी मृग निघाल्यावर, पहिला पाऊस जोत्यात मुरल्यावर, आम्ही ती अख्खी काढली.